अनारसे हसले

आमच्या मुलुंडच्या घरात प्रेमाबिमाचा विषय निघत नसे. आई आणि बाबा एकमेकांशी बोलायचे ते दूध, पाणी, पाहुणे आणि माझे मार्क एवढ्यापुरतं. अपवाद वर्षातून एकच, दिवाळीचा पाडवा. त्या सकाळी आई बाबांना पाटावर बसवून ओवाळायची, आणि ओवाळून झालं की अनारशाचा पहिला घास आपल्या हाताने त्यांना भरवायची. एरवी चहाचा कपसुद्धा टेबलावर ठेवल्याशिवाय न उचलणारे बाबा तेव्हा मुकाट्याने तोंड उघडायचे. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मी लहानपणापासून भोकरासारखे डोळे करून हे बघत आले. लाडू-चिवडा कुणीही कुणालाही देतं, पण अनारसा हा नवरा-बायकोतला पदार्थ, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

त्यामुळे माझं लग्न झालं तेव्हा मला हवं होतं ते एवढंच. तेच घर, तोच पाट, पाटावर माझा नवरा, आणि बाबांच्या देखत मी त्याला भरवलेला अनारसा. इच्छा साधी होती, पण तिच्यात बाबा होते, आणि बाबा आले की काही साधं राहत नसे.

लग्न मी त्यांच्या मर्जीविरुद्ध केलं होतं. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं, मी ऑफिसात नोकरी करत होते, तरी घरात बाबांचा शब्द शेवटचा. नवरा मूळचा मालवणकडचा. विक्रोळीला कारखान्याच्या वसाहतीत राहायचा आणि त्याच कारखान्यात नकाशे काढायचा. त्याचे वडील गिरणीत होते, तो शाळेत असतानाच गेले, आणि आईने त्याला वाढवलं. आमची ओळख घाटकोपरला संध्याकाळच्या एका क्लासात झाली. बाबांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसं वाईट नसतील, पण आपली नाहीत. रजिस्टर लग्नाला आई आली आणि पदराने डोळे पुसत उभी राहिली. बाबा आले नाहीत. नंतर मी मुलुंडला अधूनमधून जायचे, पण एकटी. नवऱ्याचा विषय निघाला की बाबा पेपर जरा वर धरायचे.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा आईने त्यांना कसं वळवलं देव जाणे. निरोप आला, पाडव्याला दोघं या, दिवाळसण करू. मी नाचायचीच बाकी राहिले होते. नवरा मात्र शांत होता. म्हणाला, "मला तुझ्या बाबांकडून अंगठी नको, कपडे नकोत. दारात एकदा ‘या’ म्हणू देत. बस्स."

निरोपात सासूबाईंचं नाव नव्हतं. आमच्यात जावयाच्या आईला दिवाळसणाला बोलवायची पद्धत नाही, असं मी त्यांना सांगितलं, आणि ते खरंही होतं. त्यांनी विळी पुढे ओढली. भाजी चिरून झाल्यावर विचारलं, तुमच्यात पाडव्याक काय करतत? मी म्हटलं, अनारसे.

"मगे आपण करूया," त्या म्हणाल्या. "माझो झिल रिकाम्या हातान जावचो नाय." झिल म्हणजे मुलगा.

आता सासूबाईंच्या घरची दिवाळी म्हणजे तऱ्हेतऱ्हेचे पोहे आणि करंज्या. अनारसे त्यांनी जन्मात केले नव्हते. मी केले होते म्हणजे आईच्या पाठीमागे उभं राहून पाहिले होते. दोघीही अर्धवट, तरी घाट घातला. सुरुवातच अशी झाली की मी डब्यात दिसला तो तांदूळ भिजत घातला. तो निघाला गावाहून आलेला उकडा. त्याचं पीठ काही केल्या धड होईना. सासूबाईंनी कपाळावर हात मारला आणि नवा, साधा तांदूळ आणवला. पुन्हा भिजवणं, रोज पाणी बदलणं. तिसऱ्या दिवशी घरात असा आंबूस वास सुटला की शेजारच्या दारातून विचारणा झाली. मग जुन्या लुगड्यावर तांदूळ पसरणं, दमट असतानाच कुटणं, चाळणं, गूळ किसून त्यात मळणं. मळलेले गोळे डब्यात मुरायला ठेवले. सासूबाई रोज झाकण काढून वास घ्यायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघायच्या. मी मोठी जाणकार असल्यासारखी मान डोलवायची. खरं सांगायचं तर त्या दिवसांत आम्ही दोघी पहिल्यांदा एकमेकींच्या जवळ आलो.

पीठ मुरलं तशी त्यांनी त्याचे दोन भाग केले. अर्धं आपल्याला, आणि अर्धं स्टीलच्या डब्यात घालून मुलुंडला, आईने पाडव्याच्या ताटासाठी तळावं म्हणून. त्यांचं म्हणणं, पहिल्या पाडव्याच्या पदार्थाला दोन्ही घरचा हात लागला पाहिजे. रविवारी नवरा डबा द्यायला गेला. आम्ही दोघी करंज्यांच्या पसाऱ्यात होतो म्हणून मी गेले नाही. तो अपेक्षेपेक्षा फार लवकर परत आला. दिलास का, म्हटलं, तर दिला म्हणाला. पुढे काही नाही. हात धुतले आणि आकाशकंदिलाच्या काड्या बांधत बसला.

मी सोडते थोडीच. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की दार बाबांनी उघडलं, उंबऱ्यातच डबा घेतला, ‘देतो तिला’ म्हणाले आणि दार लावलं. आई आत असावी, तिला कळलंही नसेल. माझा संताप संताप झाला. पण त्याच्यासमोर मी बाबांचीच बाजू घेतली. म्हटलं, त्या दिवशी अचानक गेलास, पाडव्याला बघ, वेगळे वागतील. तो म्हणाला, बघू. त्या ‘बघू’त काहीतरी होतं, पण तेव्हा मला ते कळलं नाही.

धनत्रयोदशीला मी ऑफिसातून घरी आले तर गॅलरीतला कंदील लावलेला नव्हता. सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. माझ्या चपला काढून होताहेत तोवर म्हणाल्या, "पाडव्याक मुलुंडाक जावचा नाय."

का, म्हणून विचारलं. नाय म्हटला ना, एवढंच उत्तर आलं आणि त्या उठून आत गेल्या. नवरा आल्यावर त्यालाही तेच सांगितलं. मला वाटलं तो तरी विचारेल. त्याने विचारलं नाही. चेहऱ्यावर आश्चर्यसुद्धा नव्हतं. मला कळेना की या दोघांनी माझ्या पाठीमागे काय ठरवलंय.

दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नान. पहाटे सासूबाईंनी माझ्या पाठीला तेल चोळलं, अगदी व्यवस्थित, हातात राग नव्हता. त्यानेच मी जास्त घाबरले. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. माझा स्वभाव असा की मनात आलं ते बोलून मोकळं व्हायचं आणि समोरच्याकडूनही वदवून घ्यायचं. त्या घरात मात्र तोंडं शिवली होती. मी भांड्यांची आदळआपट करून पाहिली, जेवणार नाही म्हणून पाहिलं, नवऱ्याला कोपऱ्यात गाठून पाहिलं. तो म्हणाला, आईला विचार. सासूबाई म्हणाल्या, जेव. मुलुंडला पाटाभोवती रांगोळी काढायची तयारी चालली असेल आणि इथे मी दिवाळीचे दिवस मौनात घालवत होते. आम्ही गेलो नाही तर बाबा पुन्हा बोलावणार नाहीत, हे मला पुरतं ठाऊक होतं. तो त्यांचा स्वभाव होता आणि तोच माझाही होता.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी अखेर सासूबाईंच्या तोंडून एक वाक्य निसटलं. पणत्या पुसता पुसता म्हणाल्या, आमी गरीब आसू, पण कोणी आमका हसाचा असा आमी काय केलेला नाय. कोण हसलं, मी विचारलं. म्हणाल्या, वयल्या काकूक इचार.

आमच्या जिन्यात फोन एकच, वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे. त्याही मालवणच्याच. मी गेले तेव्हा चकल्या तळत होत्या. मला बघून त्यांनी झारा खाली ठेवला आणि आधीच सांगून टाकलं की त्यांचा काही दोष नाही. मग म्हणाल्या, "तुझ्या आवशीचो फोन इल्लो. दुकानातसून करी होती, हो आवाज. म्हणाली, तुमच्या अनारशांका हसले. आणि कसली तरी पिठी की काय, ता माका समाजला नाय. मी ऐकलंय तसा तुझ्या सासूक सांगितलंय."

मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. आई नक्की काय म्हणाली? अनारशांना हसले, की अनारसे हसले? काकू म्हणाल्या, एकच ना ता.

एकच नव्हे. अनारसा तुपात सोडला की त्याला छान जाळी पडायला हवी. पीठ बिघडलं किंवा तूप कमी तापलं, की जाळी पडायच्या ऐवजी तो पसरतो, सुटा होतो आणि कढईभर नुसता चुरा तरंगतो. सणाच्या पदार्थाला फुटला, मोडला म्हणू नये, म्हणून आमच्याकडे म्हणतात, अनारसा हसला. आई बिचारी दुकानातल्या गर्दीतून सांगत होती की तुमच्या पिठाचे अनारसे हसले, मिसळायला थोडी तांदळाची पिठी पाठवा. काकूंनी अनारसे कधी केले नव्हते. त्यांना ऐकू आलं की मुलुंडची माणसं आपल्या अनारशांना हसली. ध चा मा झाला होता.

मी जिना दोन दोन पायऱ्या उतरत खाली आले. दोन दिवसांनी पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला होता. सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं. नवराही तिथेच दाराला टेकून उभा होता. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"अनारसो हसता?" त्यांनी विचारलं.

हो, म्हटलं, तशी म्हणायची पद्धत आहे.

"तोंड आसा त्येका?"

मला खरं तर हसू येत होतं, पण त्यांना येत नव्हतं. माहेरची बाजू सावरायला मी गोष्ट रचून सांगतेय, असं त्यांना वाटत होतं. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. शेवटी त्यांनी कढई काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, हसता ना, मगे हसवून दाखय.

आमच्या वाटणीचं पीठ शिल्लक होतंच. मी तूप तापत ठेवलं, केळीच्या पानाच्या तुकड्यावर खसखस पसरून त्यावर गोळी थापली आणि खसखशीची बाजू वर करून अनारसा कढईत सोडला. आयुष्यात असा स्वयंपाक मी पुन्हा केला नाही. सगळ्या बायका देवाला हात जोडतात की पदार्थ साधू दे, आणि मी मनात म्हणत होते, हस रे बाबा, एकदा हस. त्याने काठाला बुडबुडे धरले, जरा पसरला, माझ्या जिवात जीव आला. मग तो सावरला. अंगभर जाळी पडली, रंग चढला, आणि झाऱ्यावर असा सुरेख उतरला की आईच्या हातचाही कधी इतका जमला नसेल.

 दुसरा सोडला, तोही तसाच. तिसऱ्याच्या वेळी मी हळूच गॅस कमी करायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. ताटात अनारसे जमत चालले. पीठ उत्तम होतं. मग मुलुंडला ते हसेल कशाला?

"आई, बस कर," नवरा म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ते हसले. मी ऐकलंय."

मी कढईतला झारा तसाच धरून उभी राहिले. त्याने सांगितलं ते असं. डबा देऊन तो जिना उतरत होता. एक वळण उतरला असेल तेवढ्यात दाराआडून हसू ऐकू आलं. मोठ्याने, पुरुषाचं. त्या घरात पुरुष एकच. हे त्याने मला सांगितलं नव्हतं, सासूबाईंनाही नव्हतं. काकूंचा निरोप आला तेव्हा त्याला नवल वाटलं नाही ते म्हणूनच. माझ्या आईचा निरोप खरा होता आणि काकूंनी चुकीचं ऐकलेलंही खरं निघालं.

मला त्या क्षणी बाबांची चीड आली, नवऱ्याची आली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची, कारण मी घाम गाळून ज्यांची बाजू मांडत होते त्यांनी खरंच दात काढले होते. मी म्हटलं, ठीक आहे, कुणीच जायचं नाही. संपलं. आणि गॅस बंद केला.

सासूबाईंनी तो पुन्हा पेटवला. उरलेलं पीठ तळून होईपर्यंत त्या माझ्याशेजारी बसून राहिल्या. शेवटचा अनारसा निथळत ठेवल्यावर म्हणाल्या, उद्या जावया, तिगाय जावया. "माका त्येंकाच इचारूचा आसा."

मी विनवलं. सणाच्या दिवशी भांडण नको, बोलावणं दोघांना आहे, बाबांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, माझो खय त्येंका ठावक आसा.

पाडव्याच्या सकाळी आम्ही बसने मुलुंडला गेलो. बसमध्ये तिघांनाही जागा मिळाली आणि तिघंही खिडकीबाहेर बघत राहिलो. सासूबाई त्यांच्या एकुलत्या एका रेशमी लुगड्यात, मांडीवर अनारशांचा डबा. नवऱ्याने नवा शर्ट घातला होता, त्याची घडी अजून छातीवर उमटलेली होती. मला त्याच्याकडे बघवेना. ज्या दाराने त्याला एकदा परतवलं होतं त्याच दाराकडे मी त्याला नटवून नेत होते.

बेल वाजवली. दार बाबांनीच उघडलं. त्यांनी आधी मला पाहिलं, मग त्याला, मग मागे उभ्या सासूबाईंना. ते बाजूला झाले. आम्ही आत गेलो. ‘या’ नाही, ‘बसा’ नाही. तेवढ्यात आतून आई आली, सासूबाईंना बघून गोंधळली, पण लगेच हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं आणि कुणी विचारायच्या आतच सुरू झाली. पिठीची किती वाट पाहिली, निरोप मिळाला नाही का, अहो सगळे अनारसे हसले हो, माझ्या जिवाला घोर लागलाय, ताटात काय वाढू? गॅस संपलाय, नंबर लावलाय पण दिवाळीत कसला येतोय, वातीच्या स्टोव्हवर तूप म्हणून तापेना. असं म्हणत ती आत गेली आणि चुऱ्याने भरलेलं पातेलंच घेऊन आली.

सासूबाईंनी पातेल्यात बोटं घालून चुरा चाळवला. बराच वेळ चाळवला. मग माझ्याकडे पाहिलं. तोंड नसलेला अनारसा हसतो हे त्यांना पटलं होतं. माझ्या खांद्यांवरचं ओझं जरा हललं. वाटलं, झालं, आता हा विषय इथेच मिटेल, चहा येईल, पाट मांडला जाईल. आईही हसून म्हणाली, काय तरी बाई गैरसमज.

"ह्या समाजला," सासूबाई म्हणाल्या. पातेलं त्यांनी आईच्या हातात परत दिलं आणि मान वळवून बाबांकडे पाहिलं. "पण माझो झिल जिन्यात आसताना ह्या घरात कोण हसला?"

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती माझ्याकडे बघू लागली. माझा नवरा भिंतीशी उभा होता, त्याला अजून कुणी बस म्हटलं नव्हतं. मी बाबांकडे बघत होते. माझी खात्री होती की ते कानावर हात ठेवतील, किंवा त्याहून वाईट, आत निघून जातील. त्यांनी चष्मा काढला आणि हातात धरून ठेवला.

"मी हसलो," ते म्हणाले. "डबा उघडला तर अनारशाचं पीठ. म्हटलं, आता हे आम्हाला अनारसे शिकवणार."

आई नुसतीच ‘अहो’ म्हणाली. मला काय झालं कोण जाणे, डोक्यात सणक गेली. नवऱ्याचा हात धरला आणि म्हटलं, चला, निघू या. पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही, असंही म्हणाले. आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो माझ्याबरोबर दोन पावलं आलाही. पण सासूबाई खुर्चीवरून हलल्या नाहीत. मला म्हणाल्या, बस.

मी म्हटलं, ऐकलंत ना तुम्ही?

"ऐकलंय. खरा बोलले ते, लपयल्यानी नाय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सण तुझो आसा, बाये. तो कित्याक मोडतंस?"

मी थांबले. मनापासून नाही, पण थांबले. आईने डोळे पुसून पाट मांडला, मी निरांजनाचं तबक तयार करायला घेतलं. फुलवात तुपात नीट बसेना.  नवरा पाटावर जाऊन बसला, पाठ ताठ, नजर समोरच्या भिंतीवर. आमच्या ताटात चुरा वाढायची वेळ नको म्हणून आईने विक्रोळीच्या डब्यातले अनारसे काढून चांदीच्या वाटीत ठेवले. बाबा खिडकीपाशी उभे होते. ते या सोहळ्याला थांबणार की फिरायला निघून जाणार, हे मला सांगता आलं नसतं.

काडी ओढायच्या आधी मी मान वर केली तर सासूबाईंची खुर्ची रिकामी होती. त्या उठून गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. पाडव्याचं ओवाळणं म्हणजे सवाष्णींचं काम. सासरे गेल्यापासून अशा वेळी बाजूला व्हायची त्यांना सवयच लागली होती, कुणी सांगावं लागत नसे. आईच्याही ते लक्षात आलं. तिने नजर खाली वळवली. आमच्या घरात ते रीतीला धरूनच होतं. मला हाक मारायची होती, पण त्या घरात माझ्या हाकेला किती वजन होतं ते मला माहीत होतं. 

बाबा खिडकीपासून निघाले. मला वाटलं, चपला घालायला चाललेत. ते गॅलरीच्या दारापाशी जाऊन थांबले.

"विहीणबाई," ते म्हणाले, "आत या."

माझ्या हातातली काडी तशीच राहिली. इतक्या महिन्यांत बाबांनी माझ्या सासूबाईंचा उल्लेख केला असेल तो ‘त्या मुलाची आई’ असाच. विहीण म्हटलं की त्यात मुलीचं लग्न आलं, जावई आला, सगळंच आलं. आणि ‘या’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला तो माझ्या नवऱ्यासाठी नव्हे, त्याच्या आईसाठी. मी पाटाकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले होते.

सासूबाई वळल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

"हसलात तेव्हा मी कोण होतंय तुमची?"

बाबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "कोणीच नव्हतात," ते म्हणाले. "म्हणून हसता आलं."

"मगे आता हसा बघया."

बाबांना हसता आलं नाही.  ते मागे फिरले, दिवाणखान्यातली स्वतःची खुर्ची, जिच्यावर मी लहानपणीसुद्धा बसू शकत नसे, ती उचलून त्यांनी पाटाच्या शेजारी आणून ठेवली आणि तिची पाठ धरून उभे राहिले. सासूबाई आत येऊन बसल्या तरी त्यांनी हात काढला नाही. मग माझ्याकडे न बघताच मला म्हणाले, "ओवाळ."